मागचं वजन

फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला धोका आधी तळहातांना कळतो, डोळ्यांना नंतर. समोर जड पेटी उचलली आणि हातातलं स्टीअरिंग एकाएकी हलकं लागलं, एका बोटानं फिरावं इतकं हलकं, की समजावं, मागची चाकं जमिनीवरून सुटायला लागली. मोटार चालवणाऱ्यांना हे पटत नाही, कारण त्यांच्या गाडीची पुढची चाकं वळतात. आमच्या गाडीची मागची वळतात. ती अधांतरी झाली की वळवायला हातात काही उरतच नाही. मी सव्वीस वर्षं त्या बैठकीवर काढली, त्यातली निम्म्याहून जास्त दुसऱ्यांना शिकवण्यात. आता नंदनवन वस्तीतल्या घरी निवांत असतो. तरीसुद्धा मुलाच्या स्कूटरचं हँडल कधी हातात धरलं आणि ते जरा सैल वाटलं, तर मी झटकन ब्रेक आवळतो. घरचे हसतात. हसू देत.

आमचं गोदाम शहराबाहेर होतं. त्याचं नाव सांगत नाही. मालक आता हयात नाहीत, आणि जे सांगायचं आहे त्यात त्यांच्यापेक्षा माझाच वाटा मोठा आहे. रेल्वेचा एक फाटा थेट आमच्या आवारात आला होता. वॅगनमधून यंत्रांच्या लाकडी पेट्या उतरायच्या आणि ट्रकमधून पुढे जायच्या. कोराडीला वीजकेंद्र उभं राहत होतं, त्या वर्षांत तर पेट्या ठेवायला जागा पुरत नसे. आधी सगळं काम हमालांच्या खांद्यावर, लोखंडी पहारी आणि लाकडी ओंडक्यांवर चालायचं. मग एक दिवस पिवळी फोर्कलिफ्ट आली. मी गावाकडे काकांचा ट्रॅक्टर चालवलेला, तेवढ्या पात्रतेवर गोदामाच्या मॅनेजर साहेबांनी मला तिच्यावर बसवलं.

शिकवायला मुंबईहून एक गृहस्थ आले होते. तीन दिवस राहिले. त्यांनी सांगितलेलं एवढंच होतं, आणि मीही पुढे पोरांना एवढंच सांगत आलो, की ही गाडी नाही, हा तराजू आहे. पुढची चाकं म्हणजे तराजूची दांडी जिथे टेकते ती जागा. समोरच्या दोन लोखंडी दांड्यांवर माल, आणि तो तोलायला ड्रायव्हरच्या पाठीमागे ओतीव लोखंडाचा भला मोठा ठोकळा. माल ठोकळ्यापेक्षा भारी झाला की गाडी तोंडावर पडणार. किती माल चालतो ते बैठकीसमोरच्या पितळी पट्टीवर लिहिलेलं होतं: दोन हजार किलो. त्या गृहस्थांनी माझं बोट धरून त्या आकड्यावर ठेवलं आणि म्हणाले, "याच्या पुढे नाही." चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते गेले. त्याच दुपारी बावीसशे किलोची पेटी आली.

मी उचलून पाहिली. स्टीअरिंग हलकं झालं, मागची चाकं वीतभर वर आली. माझा चेहरा पांढराफटक पडला असणार, कारण हमाल खो खो हसले. त्यांच्यातला एक पुढे आला. देवाजी त्याचं नाव. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा, रुंद खांद्यांचा चौरस माणूस.

"उस्ताद, काहून घाबरता? मागं वजन कमी पडून राहिलं ना? मंग आमी कायले हाओ?" असं म्हणत तो मागच्या ठोकळ्यावर चढून बसला. त्याच्या बाजूला आणखी दोघं चढले. गाडी टेकली. पेटी उचलली गेली, गोदामात गेली, आणि साहेबांनी माझी पाठ थोपटली.

त्या दिवसापासून ती पद्धतच पडली. कोणाला ती चूक वाटली नाही. तराजूत एका बाजूला पाव किलो कमी पडलं तर दुकानदार वरून चार दाणे टाकतोच की. पट्टीवर दोन हजार लिहिलंय ना, मग तीन माणसं चढवली की दोनशे किलो वाढले, असा साधा हिशेब. माणूस हे पकडून ठेवलेलं वजन नसतं, गाडीला हिसका बसला की ते उडून जातं, हे आमच्या डोक्यात आलंच नाही. देवाजीला तर त्या जागेचा अभिमान होता. बाकीच्यांना तो आपल्या उजव्या-डाव्या हाताला बसवायचा, मध्ये कोणाला येऊ द्यायचा नाही. खांडेनवमीला गाडीची पूजा व्हायची, तेव्हा एक हार गाडीच्या उंच खांबाला आणि दुसरा देवाजीच्या गळ्यात. "मशीनचा अर्धा भाग इथं बसते बाप्पा," असं म्हणून तो छाती पुढे काढायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. मीही वाजवायचो.

पण खरं सांगतो, मला भीती वाटायची. रोज वाटायची. मागे माणसं चढलेली असायची. मला ती दिसत नसत. बैठकीवरून मागचा ठोकळा नीट दिसतच नाही. नुसते त्यांचे आवाज यायचे, हसण्याचे, खोकण्याचे, आणि आवाज थांबला की मी मान वळवून बघायचो. ते गृहस्थ मुंबईला गेल्यावर "याच्या पुढे नाही" म्हणणारा गोदामात मीच एकटा उरलो होतो. मी म्हणायचो नाही. भित्रा ड्रायव्हर म्हणून नाव झालं असतं, याची भीती त्या दुसऱ्या भीतीपेक्षा मोठी होती.

मग तो दिवस आला. सत्तरच्या आसपासची गोष्ट, उन्हाळ्याची दुपार. फलाटावर एक वॅगन उभी होती आणि ती संध्याकाळी परत जायची होती. आत एक शेवटची पेटी, लांबट, एका बाजूला जड. साहेब जेवायला गेले होते. हुकूम द्यायला कोणीच नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. मी पेटीखाली दांडे घातले, जरा उचलली, आणि स्टीअरिंग हलकं लागलं. खाली ठेवायला हवी होती. कोणी अडवलं नव्हतं. मी मान वळवली. देवाजी सावलीत बसून शिदोरी सोडत होता.

"देवाजी, चढ गा," मी म्हणालो.

त्यानं भाकरी पुन्हा फडक्यात बांधली आणि आला. दुसरे दोघे त्याच्या मागोमाग आले.

फलाटावरून गोदामाकडे एक उतार होता. भरलेली गाडी उतारावरून नेताना तोंड चढाकडे ठेवून उलटी न्यायची असते, म्हणजे माल खांबाला टेकून राहतो. तेही मला शिकवलं होतं. पण मागे तीन माणसं बसलेली, उलटं जाताना ती मध्ये येतात आणि मला रस्ता दिसत नाही, म्हणून मी सरळच घातली. अर्ध्या उतारावर एक चाक खडीवर गेलं आणि मी ब्रेक दाबला. गाडी तोंडावर झुकली. मागचा भाग वर गेला, मी स्टीअरिंगला लटकलो, आणि पेटी दांड्यांवरून घसरून खाली आदळली. पुढचं वजन गेलं. वर गेलेला मागचा भाग दाणकन खाली आला.

दोघांनी आधीच उड्या टाकल्या होत्या. देवाजी मधोमध बसला होता. त्याला धरायलाही काही नव्हतं आणि उडी टाकायलाही जागा नव्हती. तो मागच्या मागे घसरला आणि उजवा पाय चाकाखाली आला. मी इंजिन बंद केलं. इतकी शांतता झाली की वॅगनच्या पत्र्यावर उन्हाचा तडतड आवाज ऐकू आला. देवाजी ओरडलाच नाही. तो म्हणाला, "उस्ताद, गाडी जराशी पुढं घ्या." मला गिअर सापडेना. दहा वर्षं वाटावी इतका वेळ सापडेना.

पाय गुडघ्याखालून कापावा लागला. तिसऱ्या दिवशी मॅनेजर साहेब दवाखान्यात जबाब घ्यायला आले, मीही होतो. त्यांनी विचारलं, तुला मागे चढायला कोणी सांगितलं? मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते, देवाजी लग्नात जेवून गेला होता. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "कोनी नाई सांगतलं, साहेब. मी आपल्या मनानं चढलो. उस्ताद तर नाई नाई म्हनत होते."

साहेबांनी ते लिहून घेतलं. खाली देवाजीचा अंगठा आणि साक्षीदार म्हणून माझी सही. सही स्वच्छ आली.

ते गेल्यावर मी काहीतरी बोलायला लागलो, तर देवाजीनं हात हलवला. "पाय तं गेलाच ना आता. तुमची नोकरी गेली तं पाय वापस येनार हाय का? माह्या घरी बी हेच सांगजा." मी त्याच्या घरी तेच सांगितलं. त्याच्या बायकोला सांगितलं, आणि दारात आठ वर्षांचा त्याचा मुलगा रमेश उभा होता, त्यानंही ते ऐकलं.

देवाजीला गेटवर बसवलं. रजिस्टर, शिट्टी आणि एक कुबडी. मला, नियम पाळणारा ड्रायव्हर म्हणून, साहेबांनी पुण्याला महिनाभराच्या शिक्षणाला पाठवलं, आणि परत आल्यावर नव्या पोरांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. माणसाचं नशीब कसं फिरतं पहा. उस्तादचा मास्तर झालो.

शिकवायला मी चांगला होतो, हे स्वतःच सांगतो. नियम माझ्या पोटातून यायचे. एक बैलगाडीवाला आला होता, तो वळताना जिभेनं चकचक करायचा आणि गाडीला "हो, हो" म्हणायचा. त्याला दोन महिने लागले, पण त्याच्या हातून पुढे कधी काही झालं नाही. दुसरा एक इतका हुशार होता की पहिल्याच दिवशी आठ फूट उंचीवर पेटी ठेवली. त्याला मी घरी पाठवला, कारण पेटी ठेवताना त्यानं खाली कोण उभं आहे ते पाहिलं नाही. जो घाबरतो तो मला चालायचा. न घाबरणाऱ्यामुळे मला झोप यायची नाही. आणि पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट मी घोटून घ्यायचो: मागे माणूस नाही. कधीच नाही. त्यासाठी उताराची गोष्ट सांगायचो. "एका हमालानं ऐकलं नाही, आपल्या मनानं चढला." गेटवरून देवाजीच्या शिट्टीचा आवाज यायचा आणि मी गोष्ट पुढे रेटायचो.

असं चौदा वर्षं चाललं. मग एका वर्गात रमेश आला. बावीस वर्षांचा, बापासारखाच रुंद. देवाजी स्वतः त्याला घेऊन आला, कुबडीवर रेलून म्हणाला, "उस्ताद, हा तुमच्या हवाली." बस, एवढंच. गेल्या चौदा वर्षांत त्यानं माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

पहिल्या दिवशी मी उताराची गोष्ट सांगायला लागलो तर रमेशनंच पुरी केली. "तो माहा बाप होता मास्तर," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "ऐकत नव्हता कोनाचं. घरी बी आई बोलते त्याले अजून. मी तसा नाई." पोरं हसली. मी फळ्याकडे तोंड केलं आणि पितळी पट्टीचं चित्र काढत बसलो. त्या घरात चौदा वर्षं देवाजी मूर्ख ठरत आला होता, आणि ते माझ्या सहीनं.

रमेशचा हात चांगला होता. पण तो घाईचा होता, आणि कोणी पाहत असलं की जास्तच घाई करायचा. परीक्षा महिन्याच्या शेवटी. माझ्या परीक्षेत एक शेवटची पेटी असायची, तिच्यावर वजन लिहिलेलं नसे. आत मी भंगार लोखंड भरून ठेवायचो, पट्टीपेक्षा बरंच जास्त. ती उचलायची नव्हतीच. जरा उचलून, हाताला हलकं लागलं की खाली ठेवायची आणि उतरून सांगायचं, मास्तर, ही जात नाही. जो असं सांगेल तो पास.

आधीच्या रात्री मला झोप लागली नाही. देवाजीच्या मुलाला नापास करायची वेळ आली तर? पास करायला माझं मन राजी होतं. नुसतं भंगार काढून पेटी हलकी ठेवली असती तरी कोणाला कळलं नसतं. सकाळी मी त्या पेटीजवळ गेलो, झाकण उघडलं, दोन तुकडे हातात घेतले, आणि पुन्हा आत ठेवले.

रमेशनं बाकी सगळं छान केलं. मग शेवटची पेटी. दांडे घातले, उचलली, मागची चाकं सुटली. मला ती सुटताना दिसली, म्हणजे त्याच्या हाताला नक्कीच कळलं असणार. तो थांबला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, ठेव, ठेव. सगळी पोरं पाहत होती. त्यानं मान वळवली आणि बाजूला उभ्या हमालांना म्हणाला, "चढा ना गा मागं, दोघं जन!"

हमाल जागचे हलले नाहीत. त्यांना परीक्षा ठाऊक होती. पण गेटकडून कुबडीचा आवाज आला. देवाजी येत होता. इतक्या जोरात चालताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्यानं कुबडी गाडीला टेकवली, दोन्ही हातांनी मागचा ठोकळा धरला आणि उरलेला पाय वर टाकला.

माझ्या तोंडून काय निघालं मला आठवत नाही. लोक सांगतात की मी किंचाळलो. धावत जाऊन मी आधी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि मग देवाजीला कमरेला धरून खाली ओढलं. आम्ही दोघे मातीत बसलो. 

"काहून ओढलं, उस्ताद?" तो म्हणाला. "पोट्टा पास होऊन राहिला होता."

कागदावर मी नापास लिहिलं. देवाजी बाजूलाच उभा होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. तो हळू आवाजात, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असा, म्हणाला, "त्या दिवशी तुमी बोलावलं, मी आलो. आज ह्यानं बोलावलं, मी आलो. पोट्ट्याले नापास केलं, बराबरच केलं. पन तुमाले कोनं केलं?"

तो गेटवर परत गेला.  खरं बोललं तर नोकरी जाईल, ही भीती आता फारशी उरली नव्हती. दुसरीच होती. सगळी पोरं माझ्याकडे पाहतील आणि मी शिकवलेल्या एकेका गोष्टीवर त्यांचा विश्वास उडेल. आणि रमेश पाहील.

सोमवारी मी वर्ग उतारावर नेला. गेटवरून देवाजीला बोलावून घेतलं. आणि सांगितलं. त्या दिवशी साहेब नव्हते. देवाजी शिदोरी सोडत होता. "चढ गा" मी म्हणालो. "नाही नाही" असं कोणी म्हटलं नाही. जबाब खोटा होता आणि त्यावर साक्षीदाराची सही माझी आहे.  नंतर मॅनेजर साहेबांनाही लेखी दिलं. ते म्हणाले, जुनी फाइल आहे, कशाला उकरता, आणि कागद खणात टाकला. माझं काहीच वाकडं झालं नाही. ते मला आजही खुपतं.

 रमेश बापाकडे वळला. "बाबा, तुमी घरी काहून नाई सांगतलं? आई इतकं बोलते तुमाले. मी बी बोललो."

देवाजी म्हणाला, "सांगतलं असतं तं तू ह्यायच्याजवळ शिकाले आला असता का? गाडीची भीती ज्याले खरी ठाऊक हाय असा मानूस दुसरा कोन हाय इथं?"

रमेश माझ्याकडे न पाहता निघून गेला. तो माझ्या वर्गात परत आला नाही. सहा महिने कोराडीला कोळशाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून होता असं कळलं. मग बाहेरच्या परीक्षकाकडून पास होऊन तो आमच्याच गोदामात लागला. मला नमस्कार करायचा, बोलायचा नाही. त्याच्या गाडीचं इंजिन सुरू झालं की मी हातातलं काम ठेवून उभा राहायचो, ती बंद होईपर्यंत.

पावसाळ्याच्या शेवटी एक दिवस फलाटावर गर्दी जमलेली दिसली. मी धावलो. रमेशची गाडी उतारावर उभी होती, पेटी जमिनीवर. इंजिन बंद. नवे हमाल त्याला आग्रह करत होते, चढतो ना आम्ही मागं, पाच मिनिटांचं काम. मी पोहोचलो तेव्हा रमेश गाडीतून उतरून मागच्या ठोकळ्याला पाठ लावून, हात पसरून उभा होता. मला पाहून त्यानं आवाज चढवला. सांगत होता हमालांना, पण पाहत होता माझ्याकडे.

"कोनी म्हनलं तरी चढाचं नाई. साहेबानं म्हनलं तरी नाई. मास्तरनं म्हनलं तरी नाई!"

मी जागच्या जागी थांबलो. चौदा वर्षं मी जे शिकवत आलो होतो, त्यात हे शेवटचं वाक्य नव्हतं.